वाचनालय ठेक्याने देताना करारात काय लिहून घ्यावं

नगरपालिकेचं वाचनालय कंपनीकडे द्यायचं ठरलंच असेल, तर निविदेआधी ग्रंथपडताळणी उरका. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात ती) समोर ठेवून प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक जुळवायचा. वाचकांकडे असलेली, गहाळ आणि फाटकी अशा तीन वेगळ्या याद्या करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. हे राहून गेलं की ठेका संपताना ‘ही पुस्तकं आधीपासूनच नव्हती’ हे उत्तर ठरलेलं.

ठेक्याची रक्कम ठरावीक असली की न झालेला खर्च हाच कंपनीचा नफा. मग कात्री लागते ती पगाराला आणि पुस्तकांना. म्हणून पुस्तकांची रक्कम ठेक्याबाहेर ठेवा: यादी कंपनीने सुचवायची, मंजुरी ग्रंथनिवड समितीची, बिल चुकवायचं नगरपालिकेने. पुस्तकं बाद करायलाही समितीचीच सही लागेल.

जपानमधल्या क्यूशू बेटावरच्या ताकेओ शहराचं वाचनालय २०१३मध्ये त्सुताया या पुस्तकं-व्हिडिओंच्या दुकानांच्या कंपनीकडे गेलं. वर्षभर रोज सकाळी ९ ते रात्री ९ उघडं, आत स्टारबक्स, गर्दी लोटली. २०१५मध्ये खरेदीची यादी बाहेर आली तेव्हा त्यात विंडोज ९८च्या जमान्यातली संगणकाची पुस्तकं निघाली, आणि क्यूशू बेटावरच्या वाचकांसाठी टोकियोशेजारच्या साइतामातल्या रामेन-दुकानांची (रामेन म्हणजे रस्सेदार नूडल्स) मार्गदर्शिका! समितीने यादी नुसती वाचली असती तरी हे अडलं असतं.

कंपनीचं यश दारावरच्या मोजणीने ठरवू नका. कॉफी प्यायला आलेला आणि अभ्यासिकेत दिवसभर बसलेलाही त्यात मोजला जातो. देवघेव, नवे सभासद आणि मागणी नोंदवल्यापासून पुस्तक मिळेपर्यंतचे दिवस, हे आकडे दरमहा मागा.

माणसांचा हिशेब निविदेतच करून टाका. रोज १२ तास म्हणजे एका टेबलाला आठवड्याचे ८४ तास. ४८ तासांच्या आठवड्याने दोन माणसं लागतात, तीही कुणी रजाच घेत नाही असं धरून. दरपत्रकात बदली माणूस नसेल तर दर कमी का आला ते कळलंच. ग्रंथपालाची पदवी आणि किमान पगार करारात आकड्यासह हवा.

कोहा किंवा वाचनालयाची जी संगणक प्रणाली असेल तिचा बॅकअप दरमहा नगरपालिकेच्या ताब्यात यायला हवा, पुस्तकांची तालिका मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात. सभासदांचे फोन नंबर जाहिरातीसाठी वापरायला बंदी, दंडासह.

शेवटचं कलम परतीचं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटाने २०१८मध्ये आपली वाचनालयं कंपनीकडून परत घेतली. तशी वेळ कुणावरही येऊ शकते. सहा महिन्यांची नोटीस, पुन्हा पूर्ण पडताळणी, आणि ती जुळेपर्यंत अनामत अडकवून ठेवायची.