पानांवर फिकट ठिपके? आधी पांढरा कागद धरा
शिवरात्रीनंतर बेळगाव-निपाणीकडे हवा कोरडी पडली की घरातल्या कुंड्यांवर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा बारीक जीव, वाढतो. ठिपके दिसलेलं पान पांढऱ्या कागदावर झटका. पडलेले कण चालू लागले तर कोळीच समजा. हा आठ पायांचा जीव कीटक नव्हे, म्हणून नेहमीची कीटकनाशकं बहुधा वाया जातात. कुंडी मोरीत नेऊन पानांची खालची बाजू जोरदार धारेनं धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा नक्की फवारा, पहिल्या वेळी अंडी वाचतात. बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. कीड जाईपर्यंत कुंडी इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.