शिकवलेले टिकावे म्हणून: मेंदूविषयक संशोधनाच्या आधारे तासाची आखणी

सप्टेंबरमध्ये वर्गाला व्यवस्थित समजलेला घटक दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्म्याहून अधिक मुलांना आठवत नाही, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी मुलांचे लक्ष नव्हते किंवा घरी अभ्यास झाला नाही, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. परंतु लक्ष देऊन शिकलेली गोष्टही विसरली जाते आणि ती सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरली जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून दाखवले होते. त्यांचे हे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या संशोधनातून शिक्षकाच्या सर्वाधिक उपयोगाची जी गोष्ट पुढे आली, ती अशी की शिकलेले पुन्हा वाचण्यापेक्षा ते स्मरणातून बाहेर काढण्याच्या प्रयत्नाने स्मृती अधिक बळकट होते. आपल्या तासाचा बहुतांश वेळ माहिती देण्यात जातो आणि ती आठवून पाहण्याची वेळ मुलांवर घटक चाचणीतच येते. ही विभागणी बदलणे कोणत्याही शाळेत, कोणत्याही खर्चाशिवाय शक्य आहे.

आठवण्याचा रोजचा सराव

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने गद्य उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र त्या गटाला सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्या गटाला सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. विशेष म्हणजे आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास वारंवार वाचणाऱ्या गटालाच अधिक वाटत होता. मुले "वाचून झाले, सगळे येते" असे सांगतात, तेव्हा त्यांची हीच गल्लत होत असते, आणि ती दूर करण्यासाठी त्यांना स्वतःच्या स्मरणाची प्रत्यक्ष पारख करू देणे आवश्यक आहे.

वर्गात हे पुढीलप्रमाणे करता येईल. तासाची पहिली पाच-सहा मिनिटे वही आणि पुस्तक बंद ठेवावे. कोऱ्या कागदावर, समजा, काल शिकवलेल्या पचनसंस्थेविषयी जे जे आठवेल ते प्रत्येकाने लिहावे किंवा आकृतीतून दाखवावे. त्यानंतर शेजारच्या मुलाशी कागद पडताळून पाहावा आणि शेवटी पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरावेत. दुसऱ्या रंगात लिहिलेला मजकूर म्हणजेच त्या मुलाने घरी करायचा अभ्यास होय. या कागदाला गुण देऊ नयेत, कारण गुण आले की चुकण्याची भीती येते आणि मुले शेजाऱ्याचे पाहून लिहू लागतात. भीती व चिंता यांनी स्मृतीची त्या क्षणी काम करण्याची क्षमताच घटते, हेही लक्षात ठेवावे.

लहान उत्तरांसाठी पाटीइतके चांगले साधन नाही. प्रश्न विचारावा, सर्वांनी पाटीवर उत्तर लिहावे आणि खूण होताच एकाच वेळी वर धरावे. "समजले का?" या प्रश्नावर वर्गातून एका सुरात येणारा होकार काहीही सांगत नाही, तर चाळीस पाट्या काही सेकंदांत सर्व काही सांगतात. तोंडी प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग विराम आणि त्यानंतर मुलाचे नाव हा क्रम ठेवावा. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे मेरी बड रो यांनी अनेक वर्गांच्या निरीक्षणातून १९७० च्या दशकात नोंदवले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. चुकीचे उत्तर मात्र तसेच सोडू नये. योग्य उत्तर त्याच तासात मिळाले नाही, तर चुकाही पक्क्या होतात.

दिवेलागणीच्या परवच्यात रोज आठवणे आणि ठरावीक वेळाने पुन्हा आठवणे या दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून पाठांतराला सरसकट घोकंपट्टी ठरवून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. उणीव एवढीच, की क्रमाने म्हटलेला पाढा क्रमानेच आठवतो आणि सात आठे किती हे सांगण्यासाठी मूल सात एके सातपासून सुरुवात करते. पाढा पाठ झाल्यावर तो उलटसुलट विचारला, तर ही उणीव भरून निघते.

अंतर आणि मिसळण

नव्या गोष्टींची स्मृती तयार होण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, आणि ती स्थिर होण्याची प्रक्रिया शिकून झाल्यानंतरही, विशेषतः झोपेत, सुरू राहते. त्यामुळे एकाच दिवशी केलेल्या दीर्घ उजळणीपेक्षा तेवढाच वेळ अनेक दिवसांत विभागलेला अधिक फलदायी ठरतो. यासाठी पाठ टाचण काढतानाच प्रत्येक घटकासमोर तीन तारखा लिहून ठेवाव्यात: दुसरा दिवस, साधारण एक आठवडा आणि साधारण एक महिना. त्या दिवशी त्या घटकावरचे दोन-तीन प्रश्न पाटीवर घेतले तरी पुरेसे आहे. वर्षअखेरीस उजळणीसाठी राखून ठेवलेले आठवडे अशा रीतीने वर्षभरात वाटले जातात.

गणिताच्या गृहपाठात आणखी एक बदल आवश्यक आहे. नफा-तोट्याच्या प्रकरणाखाली नफा-तोट्याचीच उदाहरणे असली, की कोणती रीत वापरायची हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही. परीक्षेत मात्र नेमका तोच घ्यावा लागतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनफळाची उदाहरणे दिली होती. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के आणि मिश्र सराव करणाऱ्यांना ६० टक्के यश मिळाले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ टक्के झाले. म्हणून नवी रीत पक्की होण्यापुरती चार-पाच उदाहरणे एका प्रकारची द्यावीत आणि त्यानंतर शेकडेवारी, सरळ व्याज, नफा-तोटा अशी मागची-पुढची उदाहरणे मिसळून द्यावीत. सुरुवातीला चुका वाढतील. हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगितले नाही, तर नवी पद्धत मुलांना जमत नाही असा समज होऊन ती सोडून दिली जाते.

फळ्यावर एका वेळी किती

मनात एका क्षणी हाताळता येणाऱ्या नव्या घटकांची संख्या फारच थोडी, साधारण चार असते, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. फळ्यावरचे उतरवून घेत असताना शिक्षकाचे स्पष्टीकरणही ऐकावे, ही अपेक्षा या मर्यादेशी विसंगत आहे. लिहायला स्वतंत्र वेळ द्यावा आणि बोलताना पेन खाली ठेवायला सांगावे. आकृतीतील भागांची नावे अ, ब, क करून बाजूला यादीत न देता त्या त्या भागाजवळच लिहावीत. बीजगणितासारख्या विषयात प्रथम पूर्ण सोडवलेले उदाहरण, मग शेवटच्या पायऱ्या रिकाम्या ठेवलेले, मग संपूर्ण स्वतः सोडवायचे असा क्रम नवशिक्या मुलांना मानवतो. रीत अंगवळणी पडल्यावर हा आधार काढून घ्यावा.

मेंदूच्या नावाने प्रशिक्षणांतून बरेच काही सांगितले जाते, त्यातले सगळे टिकणारे नाही. अमुक मूल पाहून शिकते, अमुक ऐकून शिकते, म्हणून त्यांना तसेच वेगवेगळे शिकवावे, या मताला पुरेसा आधार नसल्याचे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. मुलांना डाव्या मेंदूची आणि उजव्या मेंदूची असे विभागणेही तितकेच निराधार आहे. वर सांगितलेल्या पद्धतींचा मुख्य आधार मेंदूच्या छायाचित्रांपेक्षा शिकण्याच्या प्रत्यक्ष प्रयोगांत आहे, आणि म्हणूनच त्या वर्गात वापरताना मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे आठवून लिहिण्याच्या कामाचा आणखी एक उपयोग होतो. तिसरीला नवा पाठ शिकवत असताना चौथीने कोऱ्या कागदावर मागच्या आठवड्याचा पाठ आठवून लिहावा आणि नंतर पुस्तकाशी ताडून पाहावा. या कामाला शिक्षकाची सतत उपस्थिती लागत नाही. पंधरा मिनिटांनी दोन्ही इयत्तांची कामे बदलावीत, आणि चौथीच्या कागदांवर एकदा नजर फिरवली की त्यांचा पुढचा तास कोणत्या मुद्द्यापासून सुरू करायचा हे ठरवता येते.