पाडलेली ओसरी भिंतीवर परत उभी करायची तर: गेम इंजिन, प्रोजेक्टर आणि झोपाळ्याची कडी

इंदूरचा आमचा वाडा रस्ता रुंदीकरणात पुढून कापला गेला, ओसरी अख्खी गेली आणि माजघरापुढं सरळ विटांची भिंत आली. गेल्या गणपतीत त्याच भिंतीवर मी जुनी ओसरी प्रोजेक्टरनं उभी केली. नुसता फोटो नाही हं, तुम्ही डावीकडं सरकलात की उजव्या खांबामागचं दिसायला लागतं, खाली बसलात की वरच्या तुळया दिसतात, भिंतीला मोठी खिडकी पाडल्यासारखं. कसं केलं म्हणून आरतीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, तर एकदाच लिहून टाकतो.

आधी सांगतो, ग्राफिक्सच्या मागं लागू नका, मापांच्या मागं लागा. माझं लाकडाचं टेक्श्चर अगदीच भुरकट होतं, कुणाला कळलंसुद्धा नाही, पण खांब चार बोटं पातळ केला होता तेव्हा काका आत येताच म्हणाले, "हा आपला खांब नव्हे रे." घरात वाढलेल्या माणसाला माप अंगानं माहीत असतं.

ही युक्ती काय माझी नाही. १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो कॅम्पसवरच्या मंडळींनी केव्ह नावाची खोली लोकांना दाखवली, भिंतींवर प्रोजेक्शन आणि बघणाऱ्याचं डोकं जिथं जाईल तसं चित्र बदलणार. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, जेफ्री शॉ यांनी 'द लेजिबल सिटी' केलं होतं, त्यात खरी सायकल एका जागी ठेवलेली, पेडल मारलं की पडद्यावर अक्षरांच्या इमारतींमधून फिरायचं. मला त्यातलं एवढंच पक्कं डोक्यात बसलं की हातात जॉयस्टिक द्यायचा नाही. आजीला जॉयस्टिक दिला तर ती तो पोरांकडं देणार, चालायला मात्र तिला शिकवावं लागत नाही.

आता मापं. जागा गेलेली असली तरी हरकत नाही, मुंजीचे, लग्नाचे जुने अल्बम काढा. एफस्पाय म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटोतल्या समांतर रेघा दोन दिशांनी धरून दिल्या की कॅमेरा कुठं होता ते निघतं आणि तो कॅमेरा ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) घेता येतो, मात्र एक खरं माप तुमच्याकडं हवं. आमची दाराची चौकट अजून परसात पडलीय, ५ फूट ८ इंच, त्यावरनं बाकी सगळं काढलं. दुसरं म्हणजे वाडा खणांत मोजतात हे विसरू नका, दोन खांबांमधलं अंतर एक खण. मी एकच खण नीट बनवला, खांब, तुळई, मधला कोनाडा, आणि ब्लेंडरच्या ॲरे मॉडिफायरनं (एकच वस्तू ओळीनं पुन्हापुन्हा लावायची सोय) पाच वेळा लावला. ओसरी संध्याकाळभरात उभी. खांबाचे जवळचे फोटो कुठंच नसतील तर इंदूरच्या राजवाड्याला चक्कर मारा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, लाकूड दगडावर कसं बसतं ते बघायला मिळतं (तिथलंही १९८४ मध्ये आगीत बरंच जळलं, नंतर पुन्हा बांधलं). फोटो ढगाळ दिवशी काढा, फ्लॅश नको.

हे मॉडेल हलतं-चालतं दाखवायला गेम इंजिन मी गोदो घेतलं, फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. ब्लेंडरमध्ये आणि गोदोमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटर, त्यामुळे ब्लेंडरमधून मॉडेलची जीएलबी फाइल काढून गोदोत टाकली की माप तसंच येतं, फक्त आधी स्केल अप्लाय करा, मी विसरलो आणि ओसरी काडेपेटीएवढी आली. अनरियल हे दुसरं इंजिन वापरत असाल तर तिथं एक युनिट म्हणजे सेंटिमीटर, लक्षात ठेवा.

आता खरी मेख. साधा कॅमेरा ठेवला तर चित्र टीव्हीसारखं दिसेल, खिडकीसारखं नाही. कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी न्यायचा, पण त्याचं तोंड भिंतीकडं कायम काटकोनात ठेवायचं, वळवायचं नाही, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं प्रोजेक्शन 'फ्रस्टम' करायचं, म्हणजे नजर एका बाजूला सरकवता येते. त्यात साइझ आणि ऑफसेट असे दोन आकडे द्यावे लागतात. माझं चित्र ३.२ मीटर रुंद, १.८ मीटर उंच, खालची कड जमिनीला टेकलेली, म्हणजे मध्य ०.९ मीटरवर. माणूस ३ मीटर लांब उभा, डोळा १.५ मीटरवर, मध्यापासून ०.६ मीटर डावीकडं. निअर (कॅमेऱ्यापासून किती अंतरावर चित्र सुरू होतं ते) ०.१ धरला तर साइझ म्हणजे उंची गुणिले निअर भागिले अंतर, १.८ × ०.१ ÷ ३ = ०.०६. ऑफसेट म्हणजे चित्राचा मध्य डोळ्यापासून किती दूर, त्यालाही तोच गुणाकार-भागाकार, आडवा ०.०२ आणि उभा उणे ०.०२. दर फ्रेमला एवढंच पुन्हा काढायचं. खोली उलटीच सरकायला लागली तर अधिक-उण्याची चूक आहे, माझी दोन रात्री तीच होती. तपासायचं तर एक डोळा मिटून बघा, दोन्ही डोळ्यांना भिंत सपाट आहे हे लगेच कळतं. आणि सगळं भिंतीच्या मागंच ठेवा, पुढं आणलेली वस्तू चित्राच्या कडेला कापली की मजा जाते.

डोकं कुठंय हे कळायला मी जुना किनेक्ट घेतला, २०१० मध्ये एक्सबॉक्स गेम कन्सोलसाठी आलेला, माणसाच्या हालचाली टिपणारा सेन्सर. वेबकॅमनंही होतं, पण अंधारात वेबकॅम आंधळा, किनेक्ट इन्फ्रारेडवर बघतो. त्याला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो आधी मिळतोय का बघा मगच सेन्सर घ्या. साधारण चार मीटरपर्यंत माणूस धरतो. छोट्या प्रोग्रॅमनं डोक्याचे आकडे यूडीपीवरून (प्रोग्रॅममधून प्रोग्रॅमला झटपट आकडे पाठवायची पद्धत) गोदोला पाठवायचे, सेन्सर चित्राच्या मध्यापासून जितका खाली-बाजूला असेल तेवढा फरक धरून. आकडे थरथरतात, थोडं स्मूदिंग (आकडे सरासरीनं शांत करणं) द्या, जास्त दिलंत तर माणूस पोचतो आणि ओसरी मागनं येते, आमच्या आत्याला गरगरलं.

प्रोजेक्टर समोर ठेवला तर लोकांच्या सावल्या पडतात, म्हणून शॉर्ट थ्रो (जवळूनच मोठं चित्र टाकणारा) आणि वरून. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.५ चा असेल तर ३.२ मीटरसाठी १.६ मीटर लांब. आमच्या माजघरात झोपाळ्याची कडी नेमकी तिथंच निघाली! इलेक्ट्रिशियननं वर बघून विचारलं, "भिया, झूमर टांगना है क्या?" जाड फळी कडीला, फळीला प्रोजेक्टर, आणि वेगळी लोखंडी साखळी सेफ्टीला, ती साखळी टाळू नका. भिंतीला चुना लावला, खिडक्यांना एमटी क्लॉथ मार्केटातलं काळं कापड. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची प्रोजेक्टरची सोय) मारून चित्र चौकोनी करू नका, फळीच सरळ करा, आणि उजेड भिंतीवर जेवढा पडतो तो टेपनं मोजून तेच आकडे कोडमध्ये घाला.

रात्रीचा सीन करायचा मोह होतो, करू नका. प्रोजेक्टरला काळं टाकताच येत नाही, काळ्याच्या जागी तुमचीच भिंत दिसते, राखाडी. सकाळचं कोवळं ऊन ठेवा, आणि ते खोलीतल्या खऱ्या दिव्याच्याच बाजूनं येऊ द्या.

एक अडचण सुटत नाही, चित्र एका वेळी एकाच डोक्यासाठी बरोबर असतं. मी सगळ्यात जवळच्या माणसाला धरायला लावलं, मग पोरांची पुढं जायची मारामारी, पण त्यांना तुळया दिसत होत्या आणि मागं उभ्या मोठ्यांना सगळंच तिरकं. शेवटी जमिनीवर रांगोळीनं एक पाट काढला, पाटावर एक जण, बाकीच्यांनी बाजूला.

लॅपटॉप उघडा ठेवा, हे मात्र नक्की करा. तिसऱ्या दिवशी आत्या पाटावर उभी राहिली आणि म्हणाली, "खुंटी चुकलीय. अण्णांची टोपी दुसऱ्या खणात असायची, दिवळीच्या वर." मी तिथल्या तिथं खुंटी सरकवली. "अजून वर. मला उडी मारावी लागायची." तिची तेव्हाची उंची विचारली, काकांनी वेगळीच सांगितली, दोघांचं अर्धा तास चाललं, आणि शेवटी खुंटी ६ फूट २ इंचांवर गेली. काका अजून ६ फूटच म्हणतात, म्हणून फाइल दोन्ही ठेवल्यात.