घाबरलेल्या मांजराचे जेवण पूर्ववत करताना

इंदूरला रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याकडे निघणाऱ्या गेरचे, म्हणजे रंग उधळत जाणाऱ्या मिरवणुकीचे, ढोल आणि डीजे ऐकून आमची मनी दरवर्षी दिवाणाखाली शिरते आणि संध्याकाळपर्यंत वाटीकडे फिरकतही नाही. अशा वेळी तिला ओढून बाहेर काढू नये किंवा तोंडात घास कोंबू नये, कारण भीतीच्या क्षणी जबरदस्तीने भरवलेल्या अन्नाचीच मांजराला पुढे शिसारी बसू शकते. वाटी लपलेल्या जागेजवळ, पण शी-शूच्या ट्रेपासून लांब ठेवावी. फ्रिजमधले अन्न तसेच न देता वाटी गरम पाण्यात धरून ते साधारण ३८ अंशांपर्यंत, म्हणजे अंगाच्या उबेइतके आणावे, कारण मांजर चवीपेक्षा वासावर जेवते. अन्न नेहमीचेच, चमचाभर द्यावे. वर चिकन उकडलेले पाणी घातले तर चालते, मात्र त्यात कांदा-लसूण अजिबात नसावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. शेजारी बसून आग्रह करण्यापेक्षा आपण खोलीतून निघून जाणे बरे (आमच्या आईला हे अजून पटलेले नाही). २४ तास उलटूनही मांजराने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांना दाखवावे. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकते.