भर दुपारची भयकथा: नागपुरात राहून भीती कशी लिहावी

माझी पहिली भयकथा कोकणातल्या एका वाड्यात घडत होती. माड होते, धुकं होतं, कंदील होता, विहीर तर होतीच. मी तोवर कोकण पाहिलं नव्हतं. संपादकांनी कथा परत पाठवली, वर एकच ओळ लिहून: ‘तुमच्या गावात कोणी मरत नाही का?’ राग आला. पण सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

आधी आपल्या गावाची भीती शोधा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. दुपारी एक ते चार महाल या जुन्या वस्तीतल्या गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दारं लावलेली, घरोघरी कूलरची घरघर. एखादा माणूस ओरडला तरी ऐकू कोणाला जाणार? सिनेमावाल्यांनी भुताला कायमचं रात्रपाळीला लावलंय, पण आजी दम द्यायची तो ‘भर बाराच्या वक्ती पिंपळाखाली जाऊ नको’ असा. आपल्याकडे दुपारचे बाराही तितकेच वाईट. एवढं आयतं वातावरण दारात असताना धुकं उसनं कशाला आणायचं?

आठवडाभर वही ठेवा. भुतं लिहू नका, वस्तू लिहा: कूलरचा पंप बंद पडल्यावरची शांतता, ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाच्या कडेचा वास, जिन्याची एक पायरी जी तुम्ही न बघता चुकवता.

मग नियम ठरवा

आपल्या लोककथांतलं प्रत्येक भूत नियमाने बांधलेलं असतं. मुंजा पिंपळावर राहतो. चकवा मारत नाही, फक्त वाट विसरायला लावतो. माणूस रात्रभर चालून शेताच्या त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, परत येतो. हाकमारीच्या हाकेला ओ द्यायची नसते. काय केलं तर वाचाल आणि काय केलं तर मराल, हे वाचकाला माहीत असतं, म्हणून तर पात्राने तोंड उघडलं की वाचकाचा जीव वर-खाली होतो. वाटेल तेव्हा वाटेल ते करणारं भूत दोन पानांत कंटाळा आणतं.

नियम घ्यायला नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक आपापली पीडा तिच्यासोबत धाडतात आणि पुतळा जाळतात. एका घराने एका वर्षी आपली पीडा दिलीच नाही, तर? का दिली नाही, हे ज्याला सुचेल त्याची अर्धी कथा झाली.

एक सावधगिरी. करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण होते. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला तो उगाच नाही. गावातल्या एकट्या विधवेला चेटकीण करून कथा सोडवणं आळशीपणाचं आहे, वरून घातकही. आणि खऱ्या घराचा पत्ता देऊन ‘सत्य घटना’ असं तर कधीच लिहू नका.

लिहिताना

‘त्या भयाण, काळ्याकुट्ट खोलीत भेसूर किंकाळी घुमली’ या वाक्यात घाबरायचं काम लेखकानेच उरकून टाकलंय, वाचकाला काही उरलं नाही. त्याऐवजी: ‘कूलर गच्चीवर झाकून ठेवून दोन महिने झाले होते. आज पहाटे खोलीत ओल्या वाळ्याचा वास आला.’ घाबरवणारं विशेषण एकही नाही, आहे तो फक्त वास.

पहिल्या खटक्याला पात्राने साधं कारण शोधलं पाहिजे: शेजारच्यांचा कूलर असेल. दुसऱ्या वेळी ते कारण लंगडं पडावं आणि तिसऱ्या वेळी उरूच नये. पहिल्याच पानावर किंचाळणाऱ्या पात्राला पुढे करायला काही राहत नाही. भूत दाखवायचंच असेल तर थोडं दाखवा, टाच पुरते.

संवाद घरच्या बोलीत येऊ द्या. ‘आजी, कोणाशी बोलून राह्यली वं?’ हे वाक्य प्रमाण भाषेत आणून बघा, निम्मी भीती गळून जाते.

खर्डा झाला की कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याचा हात मोबाइलकडे गेला तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तिथलंच कापा. ‘छान आहे’ या अभिप्रायाला किंमत नाही, ‘मग?’ याला आहे.

पाठवणं आणि पैसे

मराठीत कथेचा मोठा बाजार अजूनही दिवाळी अंकांचा. ही परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’ अंकापासूनची. कथा मे-जूनमध्येच हातात तयार असू द्या. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाच्या ढिगात जाते. अंक आधी चाळा, शब्दमर्यादा विचारा, युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठवा. एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. मानधन किती आणि कधी, हे आधीच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ऑडिओवाल्यांना भयकथा आवडतात, कारण कानात हेडफोन घालून अंधारात पडलेला श्रोता त्यांना आयता मिळतो. पण छापील अंकाला दिलेल्या परवानगीत ऑडिओ, ई-बुक, चित्रपट यांचे हक्क गुपचूप जात नाहीत ना, ते पाहा. प्रत्येक हक्क वेगळ्या ओळीत लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि मुदत घालून मागा. कॉपीराइट लेखक गेल्यानंतरही ६० वर्षे चालतो, म्हणजे तुम्ही स्वतः पिंपळावर राहायला गेलात तरी घरच्यांना मानधन मिळू शकतं.