भास्कराचार्यांना जीपीएस पटवायचा तर आधी पलभा मोजा

विज्ञानदिनाला ‘भास्कराचार्य आज असते तर’ या विषयावर मुलं भाषणं करतात आणि आचार्य मोबाईल बघून थक्क होतात. ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणारा, उपपत्तीवाचून, म्हणजे सिद्धतेवाचून, गणित न मानणारा हा माणूस नुसता थक्क झाला नसता. जालन्याचा अक्षांश १९.८४ दिसल्यावर त्यांनी विचारलं असतं, हे कशावरून? भाषणापेक्षा हा प्रश्न सोडवून घ्या, तोही पलभा मोजून. दिवस-रात्र समान असलेल्या दिवशी मध्यान्हाला उभ्या सळईची पडणारी सावली म्हणजे पलभा.

जालन्यातली एक शाळा आणि धाराशिवमधली एक अशी जोडी जमवा. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दिवस २० किंवा २१ मार्च. २३ सप्टेंबरही चालतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.

शाळेतली सपाट फरशी निवडा. काळ्या मातीत सळई हलते. पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहा. सळईचं टोक फरशीपासून बरोबर १२० सेंमी उंच हवं. शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, १२ अंगुळांचा, म्हणून इथं १० सेंमीला एक अंगुळ. टोकावरून ओळंबा सोडा, तो टेकेल तिथं खूण करा आणि सावली त्या खुणेपासूनच मोजा. बुडापासून मोजली आणि सळई उत्तर-दक्षिण एक अंश कललेली असली, तर अक्षांश सुमारे ०.९ अंशाने, म्हणजे जवळपास १०० किमीने चुकतो.

घड्याळातल्या बाराला मध्यान्ह होत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७६च्या आसपास, शिवाय मार्चमध्ये सूर्य साडेसात मिनिटं मागे असतो. त्यामुळे मध्यान्ह १२.३४च्या सुमारास येते. १२.१५पासून १२.५५पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. या दिवशी खुणा सरळ रेषेत पडतात; ओळंब्याच्या खुणेपासून त्या रेषेवर टाकलेला लंब म्हणजे पलभा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यानं टोकाची कड सव्वा सेंमी पुसट दिसते. खूण त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध करा, आणि दोन्ही शाळांनी तशीच करा.

जालन्यात साधारण ४३.३ सेंमी, धाराशिवात ३९.४ सेंमी यायला हवी. १२०ने भागून टॅन इन्व्हर्स घेतला की अक्षांश मिळतो. मोबाईलशी ०.२ अंशाचा फरक पडला तर घाबरू नका. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेलं त्याचं अंशांतलं अंतर, दिवसाला ०.४ अंशाने बदलते आणि मध्यान्हाला ती नेमकी शून्य नसते. पंचांगातली त्या वेळची क्रांती उत्तर असेल तर आलेल्या अक्षांशात मिळवा, दक्षिण असेल तर वजा करा.

आता ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्याय या भागातली पृथ्वीचा परीघ काढायची पद्धत: अक्षांशांचा फरक १.६५ अंश, दोन गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १८३ किमी, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजार किमीच्या जवळ येतं. पण दोन्हीकडे मिळून ३ मिमी चुकलं तरी उत्तर तीन हजारांनी हलतं, म्हणून मोजमाप तिघांकडून स्वतंत्र करून घ्या. अंतर मात्र जीपीएसवरून घेऊ नका, नाहीतर ज्याची परीक्षा घ्यायची त्याचीच साक्ष काढल्यासारखं होईल. गाडीच्या मीटरचे किमी घ्या. रस्त्याच्या वळणांमुळे परीघ मोठा येईल. किती मोठा आणि का, हे मुलांना वहीत लिहायला लावा.