बाळाला जन्मतः सीएमव्हीची लागण: 21 दिवसांच्या आत काय करायचं

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून असतो आणि सहसा त्रास देत नाही. गरोदरपणात तो पुन्हा जागा झाला, किंवा त्याचा नवा प्रकार अंगात शिरला, तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. तिथे तो घडत असलेल्या मेंदूला आणि आतल्या कानाला इजा करतो.

डोक्याचा घेर वयाच्या मानाने फार लहान, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, लांबलेली कावीळ, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी, झटके, किंवा कानाच्या पहिल्या तपासणीत ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) असा शेरा: यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सीएमव्हीबद्दल विचारा. ‘महिन्याने परत कान तपासू’ असं म्हणून घरी जाऊ नका. नमुना जन्मापासून 21 दिवसांच्या आतच घ्यावा लागतो. त्यानंतर विषाणू सापडला, तर तो पोटातून आला की नंतर आईच्या दुधातून, हे सांगता येत नाही.

तपासणी लघवीची किंवा लाळेची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. लाळ घ्यायची असेल तर दूध पाजल्यावर किमान एक तास थांबा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये स्वॅब (कापूस लावलेली काडी) फिरवून घ्या. दुधातला विषाणू स्वॅबला लागला तर अहवाल खोटा पॉझिटिव्ह येतो, म्हणून लाळेत सापडलं की लघवीतून खात्री करायची. लघवीसाठी चिकटणारी पिशवी पुरते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाळाच्या रक्ताची ‘टॉर्च’ तपासणी (सीएमव्हीसह काही संसर्गांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधणारी) करून थांबणं. त्यातलं आयजीजी हे प्रतिपिंड बहुतेक वेळा आईकडून वारेतून आलेलं असतं, त्यावरून बाळाबद्दल काहीच ठरत नाही. आयजीएम हे दुसरं प्रतिपिंड निगेटिव्ह असूनही लागण असू शकते.

पीसीआर पॉझिटिव्ह आली की टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय, डोळ्यांचा पडदा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या तपासण्या आणि बेरा (ऐकण्याची सविस्तर तपासणी) करायची. सोनोग्राफीत मेंदूच्या पोकळ्यांभोवती साठलेलं कॅल्शियम किंवा रुंदावलेल्या पोकळ्या दिसू शकतात. कानासाठी नुसत्या ओएईवर (नवजात बाळाच्या कानाची झटपट तपासणी) समाधान मानू नका, ती आतल्या कानापर्यंतच पाहते. बेरा पुढच्या नसेचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाटेचाही अंदाज देते.

मेंदूवर परिणाम असेल किंवा लक्षणं ठळक असतील तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात: दर किलोला 16 मि.ग्रॅ., दर 12 तासांनी, 6 महिने. शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करायचं. 3 किलोच्या बाळाला एका वेळी 48 मि.ग्रॅ. होतात, म्हणजे मिलीलिटरला 50 मि.ग्रॅ. असलेलं द्रावण जवळपास 1 मि.लि. बाळाचं वजन वाढतं तसा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. जुनाच चालू राहिला तर औषध कमी पडतं. या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून पहिले 6 आठवडे दर आठवड्याला सीबीसी, मग आठव्या आठवड्यात, पुढे दर महिन्याला. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 500 च्या खाली गेले की औषध थांबवून डॉक्टरांना गाठायचं. ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गरोदर बाईने हे द्रावण हाताळू नये. लक्षणं नसलेल्या बाळाला सहसा औषध लागत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं अंगावरचं दूध मात्र बंद करू नका. बाळाच्या लघवीत आणि लाळेत विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे येत राहतो. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणं पुरेसं आहे, बाळाला वेगळं ठेवायचं कारण नाही.

पहिली बेरा चांगली आली तरी फाइल मिटवू नका. या विषाणूने येणारा बहिरेपणा कित्येकदा काही महिन्यांनी, अगदी दोन-तीन वर्षांनीही सुरू होतो, आणि एका कानाचा असला तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे शाळेत जाईपर्यंत दरवर्षी कान तपासा. मान धरायला किंवा बसायला उशीर होत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. तिथे फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि कानाच्या मशीनची चौकशी एकाच जागी होते. जाताना पीसीआरचा अहवाल आणि नमुना घेतल्याची तारीख सोबत ठेवा.